हजेरी आणि मत

निवडणूक जवळ आली की वृत्तपत्रांतून खासदारांची प्रगतिपुस्तके झळकू लागतात. उपस्थिती इतके टक्के, प्रश्न इतके, भाषणे इतकी. परंतु सभागृहातील किती मतदानांत सभासदाने भाग घेतला आणि कोणत्या बाजूने, हा रकाना त्यात सहसा नसतो. तो संकलकांच्या आळसामुळे गळालेला नाही. तेथे भरावयास आकडेच नाहीत.

आपल्या संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. 'होय'चा घोष मोठा की 'नाही'चा, हे पीठासीन अधिकाऱ्याच्या कानांनी ठरते. मतविभागणी झाली तरच कोणी काय मत दिले याची नोंद राहते. घटनादुरुस्तीस ती अटळ, म्हणून 2023 च्या महिला आरक्षण विधेयकावर लोकसभेत 454 विरुद्ध 2 असा हिशेब उपलब्ध आहे. उलट 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत दोन कृषी विधेयके मतविभागणीची मागणी होऊनही आवाजी मतदानानेच संमत ठरविण्यात आली. कोट्यवधी शेतकऱ्यांच्या जीवनाशी भिडणाऱ्या त्या कायद्यांना कोणी हात दिला, हे इतिहासाला नावानिशी सांगता येणार नाही. 23 मार्च 2023 रोजी सुमारे 45 लाख कोटी रुपयांच्या अर्थसंकल्पातील मागण्या लोकसभेने चर्चेविना मान्य केल्या, त्याही अशाच. (ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात मतविभागणीच्या नामावळ्या 1836 पासून अधिकृतपणे प्रसिद्ध होतात!) ज्या अपूर्णांकाचा छेदच अज्ञात, त्याची टक्केवारी कोण काढणार?

तेव्हा प्रत्येक विधेयकाच्या अखेरच्या टप्प्यावर नावनिशीवार मतदान सक्तीचे करावे, ही मागणी रास्त आहे. विजेवर चालणारी मतदानयंत्रणा सभागृहात आहेच. वेळेची सबब टिकणारी नाही.

मात्र तेवढ्याने मोजमाप खरे होईल, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणारा, किंवा मतदानापासून दूर राहणाराही, सदस्यत्व गमावू शकतो. पक्षांतराचा बाजार रोखणे आवश्यक होते, यात शंका नाही. पण परिणामी शंभर टक्के मतदान करणारा सभासद जागरूक आहे की केवळ आज्ञाधारक, हे आकड्यावरून कळत नाही. आणि एखाद्याची गैरहजेरी हाच त्याचा एकमेव निषेध असू शकतो. 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीने मतदानावरून होणारी अपात्रता विश्वास व अविश्वास ठरावांपुरती मर्यादित ठेवण्याची शिफारस केली होती. सत्तेवर आलेल्या कोणत्याही पक्षाने ती अमलात आणलेली नाही.