थॉरला दूध वाहायला वंशावळ कशाला?

थॉर म्हणजे नुसता मार्व्हलचा हिरो नव्हे. उत्तर युरोपच्या या जुन्या देवाला आजही माणसं भजतात. नवख्याला फार काही लागत नाही. झाडाच्या बुंध्याशी थोडं दूध नाहीतर बिअर ओतायची, नाव घ्यायचं, झालं!

पण अमेरिकेतले काही गट आधी विचारतात, पूर्वज गोरे होते का? अरे, ज्या 'हावामाल'चे दाखले देता, ते वाचा तरी! ओडिनच्या तोंडचं ते काव्य डोंगर ओलांडून आलेल्या पाहुण्याला शेकोटी, जेवण, कपडे द्यायला सांगतं. २०१६ मध्ये याच पंथातल्या अनेक संघटनांनी अशा एका गटाशी जाहीरपणे संबंध तोडले, आणि जाहीरनाम्याला नाव दिलं याच काव्याच्या १२७व्या कडव्याचं. वंशावळ मागणारं कडवं कुठलं, तेवढं दाखवा की.