पगडीवर भांडू नका, बाण कुठे वळलाय ते बघा

इतिहासावरच्या स्ट्रॅटेजी गेम्सबद्दल आपल्याकडे वाद सुरू झाला, की तो ठरलेल्या दोन गल्ल्यांपैकी एकीत शिरतो. पहिली गल्ली ग्राफिक्सची. नकाशा प्लास्टिकचा दिसतो, समुद्राचं पाणी खोटं वाटतं, सैनिकाची पगडी चुकीची आहे, आपल्या भगव्याची छटा भलतीच आहे. दुसरी गल्ली मेकॅनिक्सची. कुठला आयडिया ग्रुप आधी घ्यायचा, तोफा किती ठेवायच्या, विजयनगर लवकरात लवकर कसं गिळायचं. पहिल्या गल्लीतल्यांना गेम कसा दिसतो याची काळजी असते, दुसऱ्या गल्लीतल्यांना तो कसा जिंकायचा याची. हा नियम इतिहासाबद्दल नेमकं काय सांगतोय, हे मात्र दोन्हीकडचं कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. अशा गेममधला इतिहास चित्रात नसतो, नियमात असतो. चुकीची पगडी दोन सेकंदांत डोळ्याला खुपते. चुकीचा नियम आठशे तास खेळूनही खुपत नाही, कारण नियमाकडे आपण बघत नाही, तो वापरतो. आणि जी गोष्ट हात वापरून वापरून शिकतो, ती डोक्यात फार खोल जाऊन बसते.

उदाहरणासाठी सगळ्यांच्या ओळखीचा गेम घेऊ: ‘युरोपा युनिवर्सालिस ४’. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने तो २०१३ मध्ये आणला. त्याचं मूळ त्याआधीच्या एका फ्रेंच बोर्ड गेममध्ये आहे. ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होणारा हा खेळ १८२१ पर्यंत चालतो. जगातलं जवळपास कुठलंही राज्य निवडा आणि चालवा. बहमनी घ्या, पोर्तुगाल घ्या. पुढे अटी पूर्ण केल्या तर ‘मराठा’ हे राज्यही उभं करता येतं. २०१८ मध्ये भारतावर ‘धर्म’ नावाची खास डीएलसीसुद्धा आली. म्हणजे आपल्याला वगळलंय, अशी तक्रार करायला जागा नाही. आपल्याला आत घेऊन कुठल्या नियमांखाली बसवलंय, हा खरा प्रश्न आहे.

आता व्यापाराचा नकाशा उघडा. जग ‘ट्रेड नोड’ नावाच्या केंद्रांमध्ये वाटलेलं आहे आणि या केंद्रांना बाण जोडलेले आहेत. बाणांची दिशा कायमची पक्की. गुजरातमधून निघालेली संपत्ती एडनच्या आखाताकडे जाते, तिथून अलेक्झांड्रिया, तिथून व्हेनिस किंवा जिनोआ. नाहीतर आफ्रिकेला वळसा घालून इंग्लिश खाडीत. संपूर्ण जगात शेवटची केंद्रं तीनच आहेत: व्हेनिस, जिनोआ आणि इंग्लिश खाडी. तिथे बाण येतात, तिथून एकही बाहेर पडत नाही. सुरतेत बसून तुम्ही पैसा अडवू शकता, पण लंडनचा पैसा सुरतेत आणू शकत नाही. उद्या तुमच्या मराठी राज्याने अख्खं जग जिंकलं तरी बाण वळत नाहीत. म्हणून तर मुरलेले खेळाडू शेवटी आपलं व्यापाराचं मुख्य ठाणं उचलून इंग्लिश खाडीत नेतात. पुणेरी दरबाराचा खजिना लंडनमध्ये! आणि याला आपण ‘ऑप्टिमल प्ले’ म्हणतो.

खऱ्या इतिहासात काय होतं? माल युरोपकडे जात होता हे खरं, पण त्याची किंमत चुकवायला चांदी इकडे येत होती. अमेरिकेतल्या खाणींतली चांदी युरोपमार्गे आणि मनिलामार्गे आशियात उतरत होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं हिंदुस्थानाकडे यायची ती प्रामुख्याने चांदी भरून, कारण युरोपात बनलेल्या मालाला इथे फारसं गिऱ्हाईक नव्हतं. भारतीय छिटाच्या कापडाने इंग्लंडच्या विणकरांच्या पोटावर एवढा पाय आणला, की तिथल्या पार्लमेंटला १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून ते कापड अडवावं लागलं. चित्र उलटलं ते १७६५ नंतर. कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली आणि बंगालच्याच महसुलातून बंगालचा माल विकत घ्यायची सोय झाली. म्हणजे दिशा बदलली ती बाजाराच्या ओघात नाही, बंदूक आणि वसुलीच्या जोरावर. गेममध्ये मात्र ती १४४४ पासून नकाशात कोरलेली आहे. जे घडवलं गेलं, ते निसर्गनियमासारखं दाखवलंय. नदी उताराकडे वाहते, पैसा लंडनकडे वाहतो.

हा साधा तपशिलाचा घोळ नाही. वसाहतवाद अटळ होता, हे सांगण्याची ही पद्धत आहे. पुस्तकात कुणी हेच वाक्य लिहिलं असतं तर आपण पेटून उठलो असतो. बाणाच्या रूपात आलं, तर आपण त्यावर आपला ‘मर्चंट’ नेमतो आणि वरून दोन टक्के जास्त मिळाले म्हणून खूश होतो.

दुसरा नियम तंत्रज्ञानाचा. सुरुवातीच्या काही वर्षांत गेममध्ये ‘टेक ग्रुप’ होते. पश्चिमी गटाला नवं तंत्रज्ञान मूळ किमतीत. मुस्लिम, भारतीय, चिनी गटांना तेच महाग. यातून सुटायचं तर ‘वेस्टर्नायझेशन’ करायचं, आणि त्यासाठी शेजारी एखादं पश्चिमी राज्य हवं. विजयनगरचा राजा कितीही हुशार असो, गोऱ्या शेजाऱ्याशिवाय सुटका नाही. २०१६ मध्ये ही पद्धत काढली आणि ‘इन्स्टिट्यूशन्स’ आणल्या: रेनेसाँ, वसाहतवाद, छापखाना वगैरे गोष्टी एका जागी उगवतात आणि पसरत जातात. यादी बरीचशी युरोपच्याच वहीतली राहिली, पण नुसत्या जन्मगावावरून होणारा दंड गेला. मुद्दा असा, की नियम बदलता येतो. तो देवाने दिलेला नव्हता. ऑफिसात बसलेल्या माणसांनी लिहिला होता, माणसांनीच खोडला.

यावर ठरलेलं उत्तर येतं: “अरे, गेम आहे तो. सोपं करावंच लागतं.” मान्य. समर्थक पुढे सांगतात, की बाण दोन्ही दिशांनी फिरू दिले तर हिशेब गोल गोल फिरत बसेल. तेही मान्य. पण सोपं करताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं, ही निवड असते. तीन शेवटची केंद्रं हवीत, तर त्यातलं एखादं बंगालमध्ये किंवा चीनमध्ये का नाही? १६०० च्या सुमाराचं जग बघता ती निवड जास्त सयुक्तिक ठरली असती. सोपं करणं ही गरज होती. या दिशेने सोपं करणं ही गरज नव्हती. आणि ‘फक्त गेम आहे’ म्हणणारेच ‘या गेममुळे मला इतिहास कळला’ असंही अभिमानाने सांगतात. दोन्ही एका दमात म्हणता येणार नाही.

इथपर्यंत वाचून काही जण मान डोलावत असतील, की बघा, गोऱ्यांनी पुन्हा आपल्याला खाली दाखवलं. थांबा. आता आपल्याकडे येऊ.

या गेमचा सगळ्यात ताकदवान नियम बाणांचा नाही, रंगाचा आहे. एक प्रांत, एक मालक, एक रंग. डोंगर, जंगल, पाणी दाखवणारा नकाशा सुरेख आहे, पण खेळताना बहुतेक जण तो बंद करून सपाट राजकीय नकाशाच लावतात. म्हणजे ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स इथे एकच होतात. माझा रंग पसरला की मी जिंकतोय. इंग्रजी बोलणारे खेळाडू याला ‘मॅप पेंटिंग’ म्हणतात.

आणि आपण काय करतो? शाळेपासून मोबाइलपर्यंत तेच. ‘१७५८ चं मराठा साम्राज्य’ असा मथळा, आणि अटकेपासून तंजावरपर्यंत एकसलग भगवा. हा नकाशा स्वीडिश कंपनीने बनवलेला नाही, आपण बनवलाय. मराठी फौजा त्या वर्षी लाहोर आणि अटकेपर्यंत गेल्या हे खरं. पुढच्याच वर्षी अब्दाली परत आला आणि पंजाब हातचा गेला, हेही खरं. सपाट रंगाला यातलं काहीच सांगता येत नाही.

मराठी सत्तेची गंमतच ही, की ती या एकरंगी नियमात मावत नाही. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले, त्यात दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी होती. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वरचे दहा टक्के. सुभा कुणाचा? कागदावर बादशहाचा. कारभार पुढे निजामाचा. वसुलीत हिस्सा मराठ्यांचा. गावात देशमुखाचं वतन वेगळंच. एकाच शिवारावर तीन-चार हक्क. याला आपल्याकडे ‘दुअंमल’ असा शब्दही आहे. निजामाचे आणि मराठ्यांचे कामगार एकाच मुलखात वसुलीला फिरत. तो मुलूख कुठल्या रंगात रंगवणार? गेमकडे उत्तर नाही. आणि खरं सांगा, आपल्या भगव्या नकाशाकडे तरी आहे का?

दुसरं उदाहरण तंजावरचं. गेममध्ये एका प्रांताला एकच ‘कल्चर’ असतं आणि ते बदलायला एक बटण. राजनैतिक पॉइंट भरा, काही काळ थांबा, प्रांताची संस्कृती तुमची झाली. आधीची माणसं गेली कुठे? गेम सांगत नाही. तंजावरला व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसले घराणं होतं. तिथल्या दरबारात तमिळ, तेलुगू, मराठी, संस्कृत सगळं नांदलं. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आजही आहेत. कावेरीकाठची तमिळ तमिळच राहिली आणि तिथे मराठी घरंही टिकली. बटण दाबून एक पुसून दुसरं आणायची गरज कुणाला पडली नाही. भाषेवरून रोज हमरीतुमरीवर येणाऱ्या आजच्या महाराष्ट्राला तंजावर शिकवेल तेवढं हा गेम शिकवणार नाही.

आणि तिसरं उदाहरण, जे आपल्याला आवडणार नाही. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा दरसाल बंगालवर जात होत्या. १७५१ मध्ये तह झाला, ओरिसा हाती आला, बंगालने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली. गेमच्या हिशेबात ही झकास मोहीम. प्रांताच्या ‘डेव्हास्टेशन’चा आकडा वाढतो आणि शांतता झाली की महिन्यामहिन्याने आपोआप उतरतो. पण बंगालमध्ये तो आकडा उतरला नाही. तिथल्या आया आजही पोरांना झोपवताना ज्या गाण्यात बारगीर येण्याची भीती घालतात, ते बारगीर म्हणजे आपणच. ज्या भागावर आपण अभिमानाने रंग फासतो, त्या भागाच्या आठवणीत आपण असे आहोत. ही आठवण मोजायला गेममध्ये आकडा नाही. आपल्या अभिमानाच्या नकाशातही नाही. सांगा, मग त्या कंपनीत आणि आपल्यात फरक काय?

म्हणून युरोपकेंद्री म्हणून गेमला शिव्या घालणाऱ्यांनी हेही बघावं, की आपल्याला राग युरोपकेंद्री नियमाचा आहे, की नियम तोच राहून केंद्रात आपण नाही याचा? बाण लंडनऐवजी पुण्याकडे वळवले तर तक्रार मिटणार असेल, तर ती तक्रार इतिहासाबद्दल नव्हतीच.

वेगळे नियम लिहिता येतात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘युरोपा युनिवर्सालिस ५’ मध्ये लोकसंख्या मोजली जाते. राजधानीपासून लांब गेलं की सत्तेची पकड सैल होत जाते, म्हणजे नुसता रंग लागला म्हणून मुलूख तुमचा होत नाही. व्यापाराचे ते पक्के बाणही गेले, त्यांच्या जागी बाजारपेठा आल्या. सगळं साधलंय असं नाही, पण प्रश्न योग्य दिशेने वळलेत. आणि आपल्याकडे या गेमवर सगळ्यात जास्त बोललं काय गेलं? राजांचे थ्रीडी चेहरे कसे दिसतात आणि कुणाच्या लॅपटॉपवर किती अडकतं!

गेम कसा दिसतो यावर जरूर बोला. पण प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारा. हा काय मोजतो? काय मोजतच नाही? आणि कुठली गोष्ट अशक्य करून ठेवतो? हे विचारायला इतिहासाची पदवी लागत नाही. ‘युरोपा युनिवर्सालिस ४’ चे बहुतेक नियम गेमच्या फोल्डरमध्ये साध्या टेक्स्ट फायलींत पडलेले आहेत. व्यापाराचे बाणसुद्धा. नोटपॅडमध्ये उघडतात, वाचता येतात, बदलता येतात. जगभरची पोरं असे बदल करून स्वतःचे मॉड काढतात. दुअंमलाचा मॉड मराठी पोरांनी नाही काढायचा तर कुणी? एकाच गावावर तीन हक्क, तीन वसुल्या, आणि मधे भरडला जाणारा कुणबी. खेळायला अवघड जाईल. राज्य चालवणंही तेव्हा सोपं नव्हतंच.