तरसाच्या दोन बाजू

इंदापूरच्या कडबनवाडीचा माळ दुपारी पाहिला तर कुणीही म्हणेल, इथं कुसळांशिवाय आहे काय? पण अशा माळावर गुडघाभर उंचीवर बांधलेला कॅमेरा ट्रॅप रात्री वेगळंच सांगतो. समोरून अंगाची ऊब हलली की तो फोटो घेतो. खोकड, लांडगा, तरस, कुणीही असो. तरसाचे पट्टे बोटांच्या ठशांसारखे, प्रत्येकाचे निराळे. त्यातही डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. लांडग्याला पट्टेच नाहीत. तो बेटा मोजणीला सहजी दाद देत नाही. मे महिन्यात तर माळच इतका तापतो की जनावर आणि जमीन यांतला फरक यंत्राला कळेनासा होतो, आणि तापलेलं गवत वाऱ्यानं हललं की रिकाम्या फोटोंचा ढीग. तरी मोजणी हवीच. शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेलं, पण जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. त्याबाहेरची जनावरं कोण मोजणार? दोन्ही तालुक्यांतल्या महाविद्यालयांनी वनखात्याला विचारून आपल्या कुंपणाकडेला असे कॅमेरे जरूर लावावेत. माणसांचे फोटो आले तर पुसून टाकावेत, आणि तरसाच्या बिळाचा पत्ता व्हॉट्सॲपवर मुळीच टाकू नये.