जिवंत झरे

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की वाटेत झरी नावाचे गाव येते. मराठी शिकवणाऱ्या माणसाला गावाची पाटीसुद्धा सुखाने वाचून पुढे जाता येत नाही! झरी म्हणजे लहानसा झरा. आमच्या मराठवाड्यात पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पुष्कळदा चहा न घेताच निघून जातो. तिथे या शब्दाचे मोल काही निराळेच. हौद कितीही थोरला बांधला तरी तो बाहेरून भरावा लागतो, आणि उपसला की संपतो. विहिरीचे तसे नाही. म्हणूनच जाणता शेतकरी विहीर पाहताना कठड्याचे चिरे मोजीत बसत नाही. 'झरे जिवंत आहेत ना?' एवढेच तो विचारतो.

संस्थांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारायचे आपण विसरतो. आपण इमारत पाहतो, बँकेतल्या ठेवी पाहतो, भिंतीवरच्या तसबिरी पाहतो. आजची माणसे उद्याची माणसे घडवीत आहेत की नाहीत, हे मात्र कोणी पाहत नाही. हल्ली या कामाला 'मनुष्यबळ विकास' असे भारदस्त नाव मिळाले आहे. नावाबरोबर एक दिवसाचे शिबिर, एक प्रमाणपत्र आणि दुपारचे गोडाचे जेवणही आले. पण काम त्या नावापेक्षा पुष्कळ जुने आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांचेच पाहा. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह थाटले. तिजोरी अशी, की मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने विकावे लागले. पण भाऊरावांचा हिशेब पक्का होता. गावोगाव शाळा हव्यात, तर आधी शिक्षक हवेत. म्हणून १९३५ साली त्यांनी शिक्षक तयार करणारे विद्यालयच काढले. अंगमेहनत करून शिकलेली वसतिगृहातली मुले पुढे शिक्षक झाली, मुख्याध्यापक झाली, संस्थेचा कारभार सांभाळू लागली. १९४८ साली सरकारचा रोष ओढवला आणि अनुदान थांबले. संस्थेची ओढाताण झाली, पण ती मोडली नाही. १९५९ साली भाऊराव गेले. आज संस्थेच्या शाखा सातशेच्या वर आहेत. हौद असता तर केव्हाच कोरडा पडला असता!

दूर साताऱ्यालाच कशाला जायचे? आमच्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक म्हणून आले. १९३८ साली ते हैदराबादच्या सत्याग्रहात उतरले आणि शाळेला मुकावे लागले ते एका असामान्य शिक्षकाला. तरी योगेश्वरीचे नाव अंबाजोगाईत आजही नांदते आहे. कर्ता माणूस गेल्यावर मागे काय उरते, यावरच त्याच्या कर्तृत्वाची खरी पारख होते.

आता आपल्या भोवती पाहा. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण अध्यापक दिसतात. शिकवील तेवढ्या तासांचे मानधन, सुट्टीत तेही नाही. मुलांना त्यांचे नाव पाठ होते न होते तोच वर्ष संपते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. त्यांच्यातही हुशार, वाचणारी, मुलांवर जीव लावणारी माणसे आहेत. पण 'हे ग्रंथालय तुझे, हा विभाग उद्या तुला सांभाळायचा आहे' असे त्यांना कोणी म्हणत नाही. मग संस्थेसाठी त्यांनी जीव का टाकावा? संस्थेचा पैसा वाचतो हे खरे. पण झरा बुजतो त्याचे काय?

यावर व्यवहारी माणसे एक ठेवणीतला प्रश्न विचारतात: 'घडवलेली माणसे सोडून गेली तर?' अहो, जाणारच! कोणी बदलीने जाईल, कोणी निवृत्तीने, कोणी वरच्या बोलावण्याने. माणसे जातात म्हणूनच तर नवी घडवावी लागतात. कायमची राहणार असती, तर या खटाटोपाची गरजच काय होती?

आणि वाचकहो, हे फक्त संस्थाचालकांनी वाचायचे आहे असे समजून पान उलटू नका. ज्या घरात चकलीच्या भाजणीचे प्रमाण एकट्या आजीलाच ठाऊक, बँकेचे व्यवहार एकट्या बाबांनाच ठाऊक, ते घरही हौदच आहे. लाडाने किंवा अविश्वासाने आपण धाकट्यांना 'तुला नाही जमायचे' म्हणून बाजूला सारतो आणि एक दिवस तेच वाक्य खरे ठरते. यंदा चकलीचा सोऱ्या नातवंडांच्या हाती द्या. चार चकल्या तुटतील, तुटू द्या. पुढच्या दिवाळीचे पाणी तिथूनच लागायचे आहे.