हुशारी सारखी, तयारी वेगळी



समजा, तुमच्या ओळखीची दोन मुलं आहेत. दोघांनाही दहावीच्या गणितात ८५ गुण. एक सांगली शहरात राहतो. त्याला अभ्यासाला वेगळी खोली आहे, संध्याकाळी क्लास आहे, कॉलेजचा फॉर्म कसा भरायचा ते सांगायला ताई आहे. दुसरा जत तालुक्यातल्या वाडीवरचा. शाळेतून आला की शेळ्या राखायच्या, पाणी भरायचं. पुस्तक उघडेपर्यंत डोळे मिटायला लागतात. पहिला कॉलेजात जातो, दुसरा घरीच राहतो. आणि आपण म्हणून मोकळे होतो, ‘त्याला शिकायचंच नव्हतं!’

खरंच असं असतं का?

घरात पैसा कमी असला की नुसती फीच अडते असं नाही. अभ्यासाचा वेळ जातो, बसायला जागा नसते, वाट दाखवणारं कुणी नसतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं. १९१९ साली सांगलीत विलिंग्डन कॉलेज निघालं. पण कॉलेजचं दार उघडलं म्हणून खेड्यातलं पोर तिथवर पोचतंच असं थोडंच आहे! त्याच वर्षी भाऊरावांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहायची, एकत्र जेवायची. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा! पोटाला भाकरी, बसायला जागा आणि अभ्यासाला सोबत मिळाली, की तीच पोरं पुढे जायची. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. तिथे ‘कमवा आणि शिका’ म्हणत मुलं शेतात राबली आणि शिकली.

आता तुमचं काम. आठवीत असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर ‘एनएमएमएस’ शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल सरांना विचारा. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी ती असते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला मात्र वेळेत काढून ठेवा, हं!

आणि ज्यांच्या घरी सगळं आहे, त्यांनी जरा शेजारच्या बाकाकडे बघा. तिथल्या मित्राला अभ्यासाला घरी बोलवा. सतरंजी थोडी मोठी अंथरली, की झालं!