पोरांना नुसतं उतरवायला लावू नका, लिहायला शिकवा!



२१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनवर गोळ्या सुटल्या. त्या कोणाच्या छातीवर सुटल्या हे तुम्हाला सांगायला नको. साचे बंद ठेवून, खाडा पत्करून, पोटाला चिमटा घेऊन रस्त्यावर आलेली माणसे तुमच्याच चाळींतली होती. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांचा बळी पडला आणि १ मे १९६० रोजी मराठी माणसाला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. कशासाठी मागितला होता तो? नकाशावर रेघ ओढून घेण्यासाठी? कचेरीतला, कोर्टातला कागद कामगाराला त्याच्या भाषेत कळावा आणि त्याला आपले गाऱ्हाणे आपल्या हाताने त्याच भाषेत मांडता यावे, यासाठी मागितला. कागद मराठीत यावा म्हणून १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. तो कितपत पाळला जातो हा वेगळा तंटा. पण आपल्या हाताने मांडण्याचे काय झाले? राज्याला साठांहून अधिक वर्षे होऊन गेली, तेव्हा याचा हिशेब मागायला हरकत नसावी.

हिशेब घरातूनच सुरू करा. आज रात्री जेवणे आटोपली की पोराची, नातवाची मराठीची वही मागा. अक्षर वळणदार असेल, समास आखलेला असेल, पानाखाली बाईंची लाल खूण असेल. तुमचा ऊर भरून येईल. मग वही मिटा, एक कोरा कागद द्या आणि म्हणा, "बाळा, आज दिवसभरात काय झालं ते चार ओळींत लिही."

आमच्या शेजारच्या चौथीतल्या पोराला मी हेच सांगितले. पोरगा हुशार. पेन्सिल तोंडात धरून बराच वेळ बसला आणि म्हणाला, "आजोबा, कुठल्या पानावरचं?"

कुठल्या पानावरचं! बंधूंनो, या एका प्रश्नात आपल्या प्राथमिक शाळेतले सारे लेखनशिक्षण आले. त्याच्या वहीत 'माझा आवडता पक्षी' हा निबंध होता. पक्षी मोर. पोराने जन्मात मोर पाहिलेला नाही. त्याच्या खोलीच्या खिडकीत कबुतरे घर करतात, मांजर त्यांच्यावर कशी झडप घालते आणि आजी केरसुणी घेऊन कशी धावते, हे तो हातवारे करून अर्धा तास सांगतो. पण वहीत मोर! फळ्यावर मोर होता, गाइडात मोर होता, म्हणून चाळीस वह्यांत मोर उतरला. बाईंच्या हातून फळ्यावर एक वेलांटी चुकली होती, तीही चाळीस वह्यांत इमानेइतबारे उतरली. एकाच बीमवरचे कापड निघावे तसे चाळीस निबंध! सालाच्या शेवटी याच उतरवण्यावर मार्क मिळतात आणि पोराला लेखन येते असा शेरा पडतो.

लिहिणे म्हणजे डोक्यातली गोष्ट कागदावर आणणे. फळ्यावरची गोष्ट कागदावर आणायला हात लागतो, डोके लागत नाही. हे वळण पहिलीतच लागते. अजून कित्येक वर्गांत आधी क, ख, ग पासून ज्ञ पर्यंत सारी मुळाक्षरे घोटायची, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, आणि मग कधीतरी वाक्य. तोवर वर्ष सरते. वर्षभर पोर 'ङ' आणि 'ञ' गिरवते. मी म्हातारा झालो, मला अजून या दोन अक्षरांशी काम पडलेले नाही.

आता याला दुसरी वाट आहे का पाहा. म, ल, क, आ एवढीच अक्षरे आणि एक काना पोराला शिकवा. चार अक्षरांत त्याला 'मामा काल आला' असे लिहिता येते. कोणाचा मामा? त्याचा! खरोखर काल आलेला! पहिल्याच महिन्यात पोराला कळते की कागदावर आपल्या घरातली बातमी मांडता येते. पुढे र द्या, त द्या, वेलांटी द्या. बातमी वाढत जाते. हा काही माझ्या डोक्यातला शोध नव्हे. फलटणला मॅक्सीन बर्नसन बाईंनी शाळेत मागे पडलेल्या गरीब वस्तीतल्या मुलांना अक्षरांचे असे लहान लहान गट करून वाचा-लिहायला शिकवले. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले, तिथे मुलांनी स्वतः पाहिलेले, केलेले लिहावे यावर भर होता. म्हणजे महाराष्ट्रात, मराठीत, साध्या मुलांबरोबर हे करून झालेले आहे. मग ते दोन-चार शाळांत का राहिले, सगळ्या शाळांत का पोचले नाही? याचा जाब शिक्षणखात्याने द्यावा.

खाते काय करते? 'ल' कसा काढावा, 'श' कसा काढावा, यावर २००९ साली शासनाने निर्णय काढला. काढावा, आमची तक्रार नाही. पण त्या 'ल' ने पोराला काय लिहिता येते, हे कोण बघतो? 'असर' नावाची पाहणी २००५ पासून निघते. तिचे जे आकडे वर्तमानपत्रांत गाजतात ते वाचनाचे, वजाबाकीचे आणि भागाकाराचे. मोजमाप ज्याचे होते त्याचीच घाई होते, हे तुकड्यावर मजुरी घेणाऱ्याला काय सांगावे! स्वतःच्या मनाने चार ओळी लिहिणारी पोरे किती, हा आकडा कोणी मागत नाही. म्हणून तो कोणी वाढवतही नाही.

२०२५ साली पहिलीपासून हिंदीची तिसरी भाषा आणण्याचा हुकूम निघाला. लोक खवळले, आणि जूनअखेर सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले. उत्तम झाले. आम्हीही घसा कोरडा केला. पण त्या गर्दीत कोणी विचारले का, की तिसरीचे राहू द्या, पहिली भाषा तरी पोरांना लिहिता येते का? मराठीवर बाहेरून चाल आली की आपण धावतो. घरातल्या घरात मराठी मुकी होते, तिकडे लक्ष नाही.

कामगाराला लेखणीचे काय काम, असे म्हणणारे शहाणे अजून आहेत. त्यांना आपला इतिहास ऐकवा. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा म्हणाले, आणि काय शिकवा तेही सांगितले: मोडी आणि बाळबोध, दोन्ही वाचायला आणि लिहायला, शिवाय हिशेब. मोडी का? दप्तरे मोडीत होती, दस्तऐवज मोडीत होते! ज्या लिपीत रयतेला फसवले जात होते तीच लिपी रयतेच्या पोराच्या हातात द्या, असा त्याचा अर्थ. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले, ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन धाडले, 'दीनबंधु' पत्रातून टोले हाणले. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली ती या लिहिण्यातून आणि या एकीतून.

आणि लिहिता न येण्याची किंमत? तीही आपणच मोजली. खाणावळीत जेवणारा, गाळ्यात वीसजणांत झोपणारा कोकणातला गडी मनीऑर्डरच्या फॉर्मवरच्या इवल्याशा जागेत बायकोला काय कळवायचे ते दुसऱ्याला सांगून लिहवून घेई. चारचौघांत बायकोला काय सांगणार? 'सर्व खुशाल.' ताप असला तरी खुशाल! १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढे गिरण्या बुडाल्या, बुडवल्या गेल्या, तेव्हा देणी चुकती करून घेतल्याच्या कागदांवर कित्येकांनी सह्या केल्या. सही येत होती. कागद दुसऱ्याने लिहिला, तिसऱ्याने वाचून दाखवला. आज घराच्या हक्कासाठी अर्ज करणाऱ्या वारसांची गत पाहा. बारावी झालेला पोरगा अर्जाचा मजकूर लिहायला एजंटाकडे जातो. आजोबांचा अंगठा होता, नातवाची सही आहे. मजकूर मात्र अजून दुसऱ्याचाच.

कोणी म्हणेल, अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले, तरी केवढे साहित्यिक झाले! खरे आहे. पण सगळे अण्णा भाऊ नसतात, आणि शाळा बाकीच्यांसाठीच असते. नारायण सुर्वे गिरणी कामगाराच्या घरात वाढले, महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग प्राथमिक शिक्षक झाले. असा शिक्षक आपल्या पोरांना वर्गात लाभला पाहिजे, नुसता पुस्तकात कवी म्हणून भेटून भागणार नाही.

दुसरा आक्षेप पंडितांचा. पोरे मनाने लिहू लागली तर शुद्धलेखन बिघडेल म्हणे! पोर 'पानी' लिहील, 'व्हतं' लिहील, मालवणी लिहील, अहिराणी लिहील. लिहू द्या की! आईच्या तोंडचा शब्द वहीत आला आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली, तर पोर दुसऱ्या दिवशी मोराकडेच जाणार. आधी त्याने काय सांगितले ते वाचा, दोन शब्द त्यावर बोला. ऱ्हस्व-दीर्घ पुढच्या इयत्तेत शिकवा, जरूर शिकवा. कोर्टात अर्ज करायचा तर प्रमाण मराठी यायलाच हवी. पण आधी धागा निघू द्या, कांजी मागाहून लावा.

शिक्षकांना मात्र आम्ही झोडपणार नाही. एका खोलीत दोन-दोन इयत्ता, त्यात माहिती भरा, फोटो पाठवा, सर्वेक्षण करा. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सांगतो की जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिनशिक्षणाच्या कामाला जुंपू नये. या तीन दारांतून सरकारने किती बैल आत घातले ते शिक्षकांना विचारा! चाळीस पोरांचे चाळीस वेगळे मजकूर वाचायला वेळ लागतो. एकच मोर तपासायला लागत नाही. म्हणून वेळ नसलेल्या शिक्षकाच्या वर्गात मोरच नाचणार. शिक्षकाला मोकळा करा, ही मागणी त्याच्या संघटनेइतकीच आमचीही आहे.

दोष आपलाही आहे. वहीत खाडाखोड दिसली की आपण पोराच्या पाठीत धपाटा घालतो. स्वच्छ पान दिसले की शाबासकी. अरे, खाडाखोड म्हणजे पोराने विचार केला! आणि हे जमेना म्हणून चाळीतली आई कर्ज काढून इंग्रजी पाटीच्या शाळेत पोर घालते. तिथे मोराचे पीकॉक होते, उतरवणे तेच राहते. मराठी शाळा मात्र ओस पडते आणि तिला कुलूप लागते.

तेव्हा जूनमध्ये शाळा उघडली की एवढे करा. त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिलेली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश माणसे पालक असली पाहिजेत. इचलकरंजीत, भिवंडीत, मालेगावात, सोलापुरात मागावर राबणाऱ्यांनो, लालबाग-परळच्या जुन्या गिरणीवाल्यांनो, त्या खुर्च्या तुमच्या आहेत. रात्रपाळी असली तर घरातल्या बाईला पाठवा. समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. बैठकीत मागणी ठेवा: पहिलीपासून रोज पोराने स्वतःचे एक तरी वाक्य लिहिलेच पाहिजे, त्याची वही निराळी असली पाहिजे, तिच्यावर मार्क नकोत, आणि परीक्षेत न सांगितलेल्या विषयावर एक प्रश्न असला पाहिजे. ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या. इतिवृत्त कोण लिहितो ते बघा, आणि सही करण्यापूर्वी ते स्वतः वाचा. पुढच्या सभेला येताना पोरांच्या त्या वह्या घेऊन या. आम्ही त्यांतले मजकूर व्यासपीठावरून वाचून दाखवू, चुकांसकट.