हीथक्लिफचा रंग कोणता?

चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी दीड वर्ष त्यावर वाद झडावा, हे 'भाग्य' फार थोड्या चित्रपटांच्या वाट्याला येते. एमराल्ड फेनेल यांच्या 'वुदरिंग हाइट्स'ला ते लाभले. सप्टेंबर २०२४ मध्ये मार्गो रॉबी आणि जेकब एलॉर्डी ही दोन नावे जाहीर झाली, तेव्हापासूनच एमिली ब्राँटेच्या कादंबरीचे चाहते अस्वस्थ होते. फेब्रुवारी २०२६ मध्ये व्हॅलेंटाइन दिनाचा मुहूर्त साधून चित्रपट जगभर झळकला आणि या अस्वस्थतेला तोंड फुटले. कोणी त्याला पाच तारे बहाल केले, तर कोणी एकाच ताऱ्यावर बोळवण केली. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली. पहिल्या आठवड्याअखेरीस अमेरिकेत तो अव्वल क्रमांकावर होता, आणि ब्रिटनमधील पुस्तकांच्या दुकानांत १७८ वर्षांपूर्वीची ही कादंबरी पुन्हा हातोहात खपू लागली.

आक्षेपांची यादी लांबलचक होती. कादंबरीतील कॅथरीन अठराव्या वर्षी मरण पावते आणि रॉबी पस्तिशीच्या. चित्रीकरणाच्या वेळी बाहेर फुटलेल्या छायाचित्रांतला नववधूचा पोशाख त्या काळाशी विसंगत. झलक पाहावी तर प्रणयदृश्यांचाच भडिमार. यातले बहुतेक आक्षेप चित्रपट पाहून झाल्यावर विरून गेले. वय आणि कपडे या बाबतींत प्रेक्षक सहसा उदार असतो. एक आक्षेप मात्र टिकून राहिला, आणि तो साधा नाही. हीथक्लिफ गोरा कसा?

'हे तर केवळ एक पुस्तक आहे', अशा आशयाचे उत्तर चित्रपटाच्या कास्टिंग डायरेक्टर खार्मेल कॉक्रेन यांनी एप्रिल २०२५ मध्ये स्कॉटलंडमधील एका चित्रपट महोत्सवात दिले होते, आणि आगीत तेल पडले. फेनेल यांचे उत्तर अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल. चौदाव्या वर्षी आपण ही कादंबरी प्रथम वाचली, त्या प्रतीच्या मुखपृष्ठावर जो हीथक्लिफ होता तो हुबेहूब एलॉर्डीसारखा दिसत होता, असे त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राँटे भगिनींच्या हॉवर्थ या गावीच जाहीरपणे सांगितले. आपला चित्रपट म्हणजे कादंबरी नव्हे, ती फक्त तिची आपल्या मनातली आवृत्ती आहे, हे दाखवण्यासाठी त्यांनी चित्रपटाचे नावही अवतरण चिन्हांत ठेवले. पण मग प्रश्न पुढे सरकतो. मुखपृष्ठावरचा तो गोरा हीथक्लिफ आला कुठून?

लिव्हरपूलच्या रस्त्यावरचा पोर

कादंबरीत त्याचे कूळ कोणालाच ठाऊक नाही. यॉर्कशायरचा जमीनदार अर्नशॉ पायी लिव्हरपूलला जातो आणि परतताना कोटाखाली गुंडाळलेला एक मुलगा घेऊन येतो. मुलगा अंगाने काळासावळा, फाटक्या कपड्यांतला, कोणालाच न समजणारी भाषा बोलणारा. घरातला एक मेलेला मुलगा होता, त्याचे नाव याला मिळते. आडनाव मात्र शेवटपर्यंत मिळत नाही. त्याला पाहणारा प्रत्येक जण त्याच्या वर्णाविषयी काही ना काही बोलतो. कोणाला तो जिप्सी वाटतो. शेजारचे लिंटनसाहेब तो लास्कराचा पोर असावा, किंवा अमेरिकन वा स्पॅनिश जहाजावरून टाकून दिलेला असावा, असा तर्क करतात. दाई नेली त्याची समजूत घालते, ती तर थेट चीनचा बादशहा आणि हिंदुस्थानची राणी असे आईबाप त्याला बहाल करून.

यातला 'लास्कर' हा शब्द मराठी वाचकाने थांबून वाचावा असा आहे. 'लष्कर'चेच हे इंग्रजी रूप. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर राबणाऱ्या आशियाई खलाशांना ते नाव होते. बंगाल, गुजरात आणि आपल्या कोकण किनाऱ्यावरचे दर्यावर्दी त्यांत होते. परतीच्या सफरीचे काम मिळाले नाही की हे खलाशी इंग्लंडच्या बंदरांत अडकून पडत. लंडनच्या रस्त्यांवर त्यांची उपासमार इतकी डोळ्यांत भरू लागली की १७८६ साली त्यांच्या मदतीसाठी वर्गणी गोळा करणारी समिती स्थापन झाली. कादंबरीतील घटना सुरू होतात त्याही याच सुमारास, १७७० च्या दशकाच्या आरंभी.

इथे एक सावधगिरी हवी. त्या दशकात कंपनीची मक्तेदारी होती आणि तिचा व्यापार लंडनमधून चाले. लिव्हरपूलचा हिंदुस्थानशी थेट व्यापार १८१३ नंतर खुला झाला. तेव्हाचे लिव्हरपूल होते ते गुलामांच्या व्यापाराचे ब्रिटनमधील सर्वांत मोठे बंदर. म्हणून अनेक अभ्यासक हीथक्लिफच्या मागे आफ्रिकेची सावली पाहतात. टेरी ईगल्टन यांनी १९९५ मध्ये आणखी वेगळी वाट धरली आणि १८४० च्या दशकातील दुष्काळाने देशोधडीला लागून लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरलेल्या आयरिश पोरांशी त्याचे नाते जोडले. ब्राँटे भगिनींचे वडील मूळचे आयर्लंडचेच. थोडक्यात, हीथक्लिफ नेमका कुठला हे एमिलीने सांगितलेले नाही, आणि सांगायचेही नव्हते. एलॉर्डीचे समर्थक याच संदिग्धतेवर बोट ठेवतात. त्याचे वडील स्पेनच्या बास्क प्रांतातले, तेव्हा 'स्पॅनिश' हा पर्याय तरी कादंबरीतच आहे, असा त्यांचा युक्तिवाद.

युक्तिवाद चतुर आहे, पण अपुरा. तो नेमका कुठला हे कादंबरी सांगत नाही. तो 'आपल्यातला नाही' हे मात्र पानोपानी सांगते. हिंडली त्याला नोकरांत ढकलतो, त्याचे शिक्षण बंद करतो, कॅथरीनला त्याच्याशी लग्न म्हणजे अधोगती वाटते. गोरेपान केस आणि निळे डोळे असलेल्या एडगर लिंटनसारखे आपण असतो तर, असे हीथक्लिफ स्वतःच बोलून दाखवतो. पुढचा सगळा सूड या एका इच्छेच्या राखेतून उठतो. ती इच्छाच काढून टाकली तर उरते ती एक हट्टी, देखणी प्रेमकथा.

मुंबईची कॅथरीन

ही प्रेमकथा घडवली ती हॉलिवुडने, १९३९ साली. विल्यम वायलर दिग्दर्शित, सॅम्युएल गोल्डविन निर्मित तो चित्रपट आजही अनेकांच्या लेखी प्रमाण मानला जातो. कादंबरीचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे पुढच्या पिढीची सगळी कहाणी, त्याने कापून टाकला. इंग्लंडचे माळरान कॅलिफोर्नियात उभे केले. हीथक्लिफ झाले लॉरेन्स ऑलिव्हिए. आठ ऑस्कर नामांकने मिळाली, छायाचित्रणाचा पुरस्कार ग्रेग टोलंड यांना मिळाला, आणि 'गॉन विथ द विंड'च्या वर्षी न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून याचीच निवड केली. मुखपृष्ठांवरचा देखणा, गोरा, वादळात उभा असलेला हीथक्लिफ याच चित्रपटाचा वारस आहे.

त्या चित्रपटातली कॅथरीन होती मर्ल ओबेरॉन. टास्मानियात जन्मलेली सरदार घराण्यातली गोरी मुलगी अशी तिची ओळख स्टुडिओने जगाला करून दिली होती. वास्तविक तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला होता. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. घराची मुळे सिलोनमध्ये. बालपण मुंबईत आणि नंतर कोलकात्यात, तेही हलाखीचे. अँग्लो-इंडियन म्हणून शाळेत हेटाळणी वाट्याला आली. जिला ती आई म्हणून ओळखत असे ती प्रत्यक्षात आजी होती, आणि वर्णाने सावळी असलेल्या त्या बाईंची लंडनमध्ये पाहुण्यांशी ओळख करून दिली जाई ती घरातली मोलकरीण म्हणून. हॉलिवुडच्या तेव्हाच्या आचारसंहितेनुसार गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींमधील प्रेमसंबंध पडद्यावर दाखवणेच निषिद्ध होते. अशा काळात खरा जन्मदाखला म्हणजे कारकिर्दीचा मृत्युदाखला ठरला असता.

आता त्या चित्रपटातले चित्र पाहा. चीनचा बादशहा आणि हिंदुस्थानची राणी यांची ती गोष्ट पटकथाकारांनी दाईकडून काढून घेतली आणि लहानग्या कॅथीच्या तोंडी घातली. ती काळ्यासावळ्या म्हणवल्या जाणाऱ्या, पण पडद्यावर गोऱ्याच असलेल्या हीथक्लिफला त्याच्या काल्पनिक हिंदी आईची गोष्ट सांगते. आणि हीच कॅथी मोठी होते तेव्हा तिच्या जागी येते ती आपली खरी मुळे लपवून वावरणारी मुंबईची मर्ल. कथेत जो रंगाचा होता त्याला गोरे केले गेले. जी रंगाची होती तिने गोरेपणाचे सोंग आयुष्यभर वागवले. १९७८ मध्ये टास्मानियाच्या होबार्ट शहराने 'आपल्या' मुलीचा नागरी सत्कार ठेवला, तेव्हाही ते सोंग उतरले नाही. पुढच्याच वर्षी ती वारली. सत्य पुस्तकरूपाने बाहेर आले ते १९८३ मध्ये. मयूख सेन यांनी २०२५ मध्ये लिहिलेल्या 'लव्ह, क्वीनी' या चरित्रामुळे ते नव्या पिढीपुढे पुन्हा आले. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी मिळालेल्या नामांकनामुळे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करच्या शर्यतीत उतरलेली ती पहिली आशियाई वंशाची स्त्री ठरते. हयातीत तिला हा मान मिरवता आला नाही.

ओबेरॉननंतरच्या आवृत्त्यांनी हीथक्लिफसाठी तोच साचा वापरला. १९७० मध्ये टिमोथी डाल्टन, १९९२ मध्ये रेफ फाइन्स. अपवाद एकच लक्षणीय. २०११ मध्ये अँड्रिया अर्नोल्ड यांनी सोलोमन ग्लेव्ह आणि जेम्स हॉसन या कृष्णवर्णीय कलाकारांना हीथक्लिफ केले. तो चित्रपट रखरखीत, संवाद तोकडे, संगीत जवळपास नाहीच. गल्ला जेमतेम. पण त्यात हिंडली जेव्हा पोराला हीन लेखतो, तेव्हा का, हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

अदलाबदल

फेनेल यांच्या चित्रपटात १९३९ ची अदलाबदल वेगळ्या रीतीने पुन्हा घडते. हीथक्लिफ गोरा. त्याच्या तुलनेत ज्याचे गोरेपण हीच श्रीमंतीची खूण असायला हवी, त्या एडगर लिंटनच्या भूमिकेत शझाद लतीफ हा पाकिस्तानी वंशाचाही वारसा असलेला ब्रिटिश अभिनेता. नेलीच्या भूमिकेत व्हिएतनामी वंशाची हाँग चाऊ. 'वर्णनिरपेक्ष' पात्रनिवड म्हणून याचे कौतुक झाले आहे, आणि लतीफ व चाऊ दोघांनीही कामे चोख केली आहेत, यात शंका नाही. तरीही परिणाम विचित्र होतो. गौरवर्णीय प्रेमिकांच्या आड येणारी दोन माणसे नेमकी आशियाई वंशाची निघतात. ज्या चित्रपटाला वर्णाविषयी काहीच बोलायचे नाही, तो न बोलता भलतेच काहीतरी बोलून जातो.

हिंडली हे पात्रही फेनेल यांनी गाळले आहे. त्याचा क्रूरपणा बापाच्या अंगी चिकटवला आहे. त्यामुळे घरात आलेल्या परक्या पोराचा वारसाच्या मनात जो मत्सर पेटतो, तो धागाच तुटतो. पुढची पिढीही नाही. चित्रपट डोळ्यांना तृप्त करतो, हे त्याच्या कडव्या टीकाकारांनीही मान्य केले आहे. तो ओरडतो, भिजतो, घाम गाळतो. सूड मात्र विसरतो.

हिंदी चित्रपटसृष्टीने या कथेला तीनदा तरी हात घातला आहे, आणि तिन्ही वेळा नायक दिलीपकुमार: 'आरजू' (१९५०), 'हलचल' (१९५१) आणि ए. आर. कारदार यांचा 'दिल दिया दर्द लिया' (१९६६). शेवटच्यात शंकर नावाचा अनाथ पोरगा प्राणच्या चाबकाखाली वाढतो आणि परततो तो बेलापूरचा राजासाहेब होऊन. दाई नेलीने केवळ समजुतीसाठी सांगितलेली थाप आपल्याकडे खरी करून दाखवण्यात आली, म्हणायची. अनाथाला जातही नव्हती. ती असती तर कथा किती पेटली असती! पण तो विस्तव हिंदीने हाती घेतला नाही. त्यानंतर पन्नास वर्षांनी नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'चा (२०१६) 'धडक' (२०१८) झाला, तेव्हाही मराठी प्रेक्षकाची तक्रार नेमकी हीच होती. प्रेम तेवढे घेतले आणि जात मागे ठेवली.

ही धुलाई चित्रपटांनी सुरू केली, असे मात्र म्हणता येणार नाही. १८४७ च्या डिसेंबरात 'एलिस बेल' या टोपणनावाने कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या रानटीपणाने बहुतेक परीक्षक हादरले. त्यांपैकी पाच परीक्षणांची कात्रणे एमिलीच्या मृत्यूनंतर तिच्या लिहिण्याच्या पेटीत सापडली. ती १८४८ मध्ये तिसाव्या वर्षी गेली. उत्तर देण्याचे काम थोरल्या शार्लटवर आले. १८५० च्या आवृत्तीला शार्लटने जी प्रस्तावना जोडली, तीत बहिणीच्या वतीने अर्धे समर्थन आणि अर्धी क्षमायाचना आहे. हीथक्लिफच्या ठायी माणुसकीचे जे एकदोन कण आहेत ते वगळले, तर त्याला लास्कराचा वा जिप्सीचा पोर म्हणण्यापेक्षा मनुष्यदेहात शिरलेला पिशाच म्हणावे लागेल, असे शार्लट सांगते. आणि त्या पिशाचाला नाव देण्यासाठी तिला यॉर्कशायरच्या माळावरचे एकही भूत आठवत नाही. तिला आठवतात 'घूल' आणि 'इफ्रीत', अरबी कथांमधले.